हायस्कुलाच्या खालचे तीन वर्ग



शिक्षण या विषयावर या व्यासपीठावरून बोलावयास बहुधा प्राचार्य उभे राहतात, नाहीतर निवृत्त झालेले अधिकारी. मी यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे काम करणारा माणूस आहे, आणि रीतसर शाळा शिकलो ती सातवीपर्यंत. दहावी मी सत्ताविसाव्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. पुढचे जे काही वाचन आहे ते संघटनेच्या कचेरीतील दोन कपाटांच्या बळावर. तेव्हा संयोजकांनी विषय विचारला, तर त्यांना वाटले मी बोनस किंवा किमान वेतन सांगेन. मी हायस्कुलाला मधली शाळा जोडण्याचा विषय दिला. ते जरा थांबले. पण माझ्या मते हाही कामगारांचाच प्रश्न आहे, आणि तो कसा, हे तासाभरात सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम प्रश्न काय तो पाहू. आपल्याकडे पुष्कळ हायस्कुले अशी आहेत की ती आठवीपासून सुरू होतात आणि दहावीला संपतात. पाचवी, सहावी, सातवी हे वर्ग नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत असतात. अशा हायस्कुलाच्या चालकांनी ठरवले की आपण खालचे तीन वर्गही उघडावे, तर काय काय करावे लागते, त्यात कोणाचे भले होते आणि कोणाच्या पोटावर पाय येतो, एवढाच हा विषय आहे.

मी 1984 साली सातवी पास झालो. आमच्या वस्तीतील शाळा तेथेच संपत होती. आठवीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागे. त्यासाठी आधी दाखला काढायचा. दाखल्यासाठी वडिलांनी एक पाळी बुडवली. हायस्कुलात प्रवेशाला दुसरी बुडवली. तेथे कारकुनाने जन्मतारखेतील काही खाडाखोड दाखवून 'परवा या' म्हटले. परवा म्हणजे तिसरी पाळी. मागावरच्या माणसाला हजेरी नाही म्हणजे मजुरी नाही, आणि तीन दिवस माग दुसऱ्याच्या हाती गेला तर तो परत मिळेलच असे नाही. वडील गेले नाहीत. मी त्या जूनमध्ये कांड्या भरावयास लागलो. आता गंमत अशी की 'शाळा सोड' असे मला कोणीच म्हटले नव्हते. ना वडिलांनी, ना गुरुजींनी, ना त्या कारकुनाने. दोन शाळांच्या मधे एक फट होती, तिच्यातून मी खाली पडलो. माझ्याबरोबर आणखी कितीतरी पडले. मुलींचे तर विचारूच नका. त्यांच्यासाठी ती फट दाराएवढी होती.

ही फट नेमकी सातवीपाशी का पडली, हे मला फार वर्षे कोडे होते. पुढे वाचताना उलगडा झाला. इंग्रजी अमदानीत मराठी चौथी झाली की मुलापुढे दोन वाटा असत. ज्याच्या घरी ऐपत होती तो इंग्रजी शाळेत जाई. तेथे 'इंग्रजी पहिली'पासून 'इंग्रजी सातवी' म्हणजे मॅट्रिकपर्यंत सात इयत्ता. यांतील पहिल्या तीन इयत्तांना मिडल स्कूल म्हणत. म्हणजे हायस्कुलाला मधली शाळा जोडलेली असणे ही काही आजची कल्पना नव्हे, ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळची रीत आहे. ज्याची ऐपत नव्हती तो मराठी शाळेतच पाचवी, सहावी, सातवी करी आणि व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला बसे. फायनल झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होई, तलाठी होई; आणि त्या काळी ती मोठीच गोष्ट होती. पण मॅट्रिकची वाट त्याला जवळजवळ बंद असे, कारण इंग्रजीसाठी त्याला आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात पुन्हा बसावे लागे. तेच वय, तीच तीन वर्षे. पण एका इमारतीत ती पुढच्या जिन्याची पायरी होती आणि दुसऱ्या इमारतीत ती जिन्याचा शेवट होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई इलाख्यात इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवले गेले. त्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. इंग्रजी उशिरा आल्याने नुकसान झाले की नाही, हा वाद मी येथे घेत नाही. पण त्यामुळे दोन वाटांचा अभ्यासक्रम सातवीपर्यंत एक झाला, ही गोष्ट खरी. वाटा कागदावर एक झाल्या, इमारती मात्र दोनच राहिल्या, आणि त्यांचे मालकही दोन राहिले. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरात त्या नगरपालिकेकडे. हायस्कुले बहुतांशी खाजगी संस्थांची, सरकारी अनुदानावर चालणारी. सातवीतून आठवीत जाणे म्हणजे नुसते वर्ग बदलणे नव्हे, एका मालकाकडचे काम सोडून दुसऱ्याच्या दारात उभे राहणे. आम्हा कामगारांना ते काय असते हे सांगावयास नको.

शास्त्रज्ञ आणि आयोग यांचे या तीन वर्षांविषयी काय म्हणणे होते? मुदलियार आयोगाने 1952-53 साली चार-पाच वर्षांच्या प्राथमिक शिक्षणानंतर तीन वर्षांचा मधला टप्पा सांगितला. कोठारी आयोगाने 1964-66 मध्ये सात किंवा आठ वर्षांचे प्राथमिक शिक्षण मानून त्याचा वरचा भाग वेगळा दाखवला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी फोड केली. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही सहावी ते आठवी हाच मधला टप्पा धरला आहे. म्हणजे सारे शहाणे लोक मधला टप्पा आठवीला संपवतात, आणि आपले हायस्कूल आठवीला सुरू होते! आठवीचे पोर कायद्याने प्राथमिकचे आणि इमारतीने माध्यमिकचे. हा घोळ सोडवण्याचे दोनच मार्ग आहेत. प्राथमिक शाळेने वर वाढून आठवी उघडावी, नाहीतर हायस्कुलाने खाली वाढावे. महाराष्ट्रात दोन्ही गोष्टी चालू आहेत, आणि पुष्कळदा एकाच रस्त्यावर समोरासमोर.

आता हायस्कुलाने खाली वाढायचे ठरवले तर हिशेब कसा लागतो ते पाहू. समजा प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आहे आणि तुकडीत 40 मुले आहेत. आजवर आठवी, नववी, दहावी मिळून 120 मुले होती. तीन वर्ग वाढले की 240 होतील. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी प्रत्येक 35 मुलांमागे निदान एक शिक्षक हवा. त्यांत एक विज्ञान-गणिताचा, एक सामाजिक शास्त्रांचा, एक भाषांचा हवाच. आपल्या 120 मुलांना तीन शिक्षक पुरत नाहीत, चार लागतात. शिवाय चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक. पाचवीचा नियम निराळा, तेथे 30 मुलांमागे एक.

येथे चालक मंडळी म्हणतात, 'आमच्याकडे बी.एड. झालेले शिक्षक आहेतच, तेच चार तास खाली घेतील.' हे तितके सोपे नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि शिक्षणशास्त्राची पात्रता चालते, त्याबरोबर शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर लागतो. पाचवीसाठी मात्र डी.एड. आणि पहिला पेपर. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकाची पात्रता धरता येणार नाही. मला हा निकाल पटतो. दहा वर्षांच्या मुलाला अपूर्णांक शिकवणे हे दहावीच्या मुलाला बीजगणित शिकवण्याहून हलके काम आहे, ही समजूत शिकलेल्या लोकांतच जास्त असते. जॉबर कितीही हुशार असला तरी त्याला सायझिंगवर एकदम उभे करीत नाहीत.

मग वेळ. पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1,000 तास अध्यापन झाले पाहिजे. म्हणजे लहानांना दिवसाला चार तास आणि मोठ्यांना साधारण साडेचार. खोल्या मात्र तीनच आहेत. नव्या तीन खोल्या बांधावयास पैसा नसला की संस्था म्हणतात, दोन पाळ्या करू. सकाळी सातला लहान, दुपारी बाराला मोठे. पाळी हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. जानेवारीत सकाळी सातला शाळेत पोचायचे तर मुलाने सहाला घर सोडायचे. 2024 साली सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आत भरवू नयेत असा आदेश काढला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. पाचवीला तो लागू नाही. पण चौथीच्या मुलाला लागणारी झोप मे महिन्याच्या सुट्टीत एकदम कमी होते, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने ते पोराच्या आईला समजावून सांगावे. दोन पाळ्यांनी आणखी एक होते. एका बाकावर सकाळी दहा वर्षांचा आणि दुपारी पंधरा वर्षांचा. बाक मोठ्याच्या मापाचा असतो, लहान्याचे पाय लोंबकळत राहतात. जमिनीला पाय न टेकता साडेचार तास बसून पाहा.

कायद्यात इमारतीचेही सांगितले आहे. शिक्षकागणिक एक खोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, कुंपण, मैदान, ग्रंथालय. मी दोन-चार ठिकाणी पाहून आलो. खोल्यांचा विचार सगळे करतात. स्वच्छतागृहाचा विचार शेवटी होतो, आणि तोही दारूखान्यासारखा मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पाचवी ते सातवी हीच ती वर्षे की ज्यांत मुली मोठ्या होतात. याहून अधिक बोलण्याची गरज नाही.

खिचडीचा हिशेबही सांगतो, कारण तो कोणी करीत नाही. दुपारचे भोजन आठवीपर्यंत आहे. पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. आज हायस्कुलात फक्त आठवीचीच 40 मुले जेवतात, म्हणजे सहा किलो तांदूळ. वर्ग वाढले की 160 मुलांना 22 किलो शिजवावा लागेल. प्रमाण असे आहे की 25 मुलांपर्यंत एक स्वयंपाकी बाई, 100 पर्यंत दोन, पुढे प्रत्येक शंभराला आणखी एक. म्हणजे दोनच्या तीन होतील. या बायांना पगार नाही, मानधन आहे. केंद्राने 2009 साली ते महिना 1,000 रुपये ठरवले, राज्याने पुढे आपल्याकडून भर घातली. तरीही तो आकडा वेतनाच्या जवळपास येत नाही. 22 किलो भात उपसणारे मनगट आणि मागाचा धोटा फिरवणारे मनगट यांत मला फरक दिसत नाही. नववी-दहावीची मुले मात्र जेवणाच्या सुट्टीत वास घेत उभी राहतात, कारण त्यांना भोजन नाही. पोरे गुपचूप एकमेकांच्या ताटात जेवतात, आणि चांगले मुख्याध्यापक तिकडे पाठ करून उभे राहतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती पैशाची. पूर्वी शाळेला वर्ग वाढवून मिळाला की काही वर्षांनी अनुदान मिळत असे. मग 'कायम विनाअनुदानित' असा शब्द निघाला. त्यातील 'कायम' हा शब्द 2009 साली काढला गेला, आणि पुढे 20 टक्के, 40 टक्के असे अनुदान तुकड्यातुकड्यांनी देण्याची पद्धत पडली. त्यासाठी शिक्षकांनी मुंबईच्या आझाद मैदानात किती वेळा दिवस काढले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. 2012 च्या अधिनियमाने 'स्वयंअर्थसहाय्यित' शाळा हा नवा प्रकार आणला. नवी शाळा काढावयाची किंवा असलेल्या शाळेची दर्जावाढ करावयाची, तर त्या वाटेने जावे लागते. साध्या मराठीत त्याचा अर्थ, सरकार परवानगी देईल, पैसा देणार नाही.

परिणाम काय होतो? एकाच इमारतीत आठवी ते दहावीचे शिक्षक सरकारी वेतनश्रेणीवर आणि पाचवी ते सातवीचे शिक्षक संस्था देईल त्या रकमेवर. एकच घंटा, एकच फळा, एकच शिक्षक-खोली. आणि पगाराच्या दिवशी एकाच्या खात्यात जे जमा होते त्याच्या पाचव्या हिश्शावर दुसऱ्याने सही करायची. आमच्या कारखान्यात याला कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार म्हणतात. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आहे आणि त्याची 1981 ची नियमावली आहे, ती शिक्षकांनी वाचावी. मला भेटणाऱ्या तरुण शिक्षकांपैकी बहुतेकांनी ती वाचलेली नसते. नेमणुकीचा कागद मागण्याचीही त्यांना लाज वाटते. आमच्या बिगाऱ्याला वाटत नाही.

पालकांच्या बाजूने पाहिले तर आठवीला फी नाही आणि पाचवीला फी आहे, अशी उलटी गोष्ट दिसते. म्हणजे जी फट बुजवावयास आपण निघालो ती वर सरकून चौथीपाशी पडते. ज्याच्याकडे फी आहे तो चौथीतून थेट हायस्कुलात जाईल, ज्याच्याकडे नाही तो सातवीपर्यंत थांबेल. मघाशी सांगितलेल्या त्या दोन वाटा आठवा, इंग्रजी पहिलीची आणि मराठी फायनलची. आपण पुन्हा तेथेच येऊन पोचतो.

आणि ज्या प्राथमिक शाळेतून ही मुले जातील तिचे काय? शिक्षकांची संख्या पटावरून ठरते; 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते. पाचवीची पंधरा मुले समोरच्या हायस्कुलात गेली की तिकडे एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त हा फार सभ्य शब्द आहे. माणूस तोच असतो, त्याने काम तेच केलेले असते, फक्त एका तारखेला मोजणीत तो जास्त निघतो. मग त्याचे समायोजन तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. शिक्षक पोरे गोळा करत दारोदार फिरतात ते यासाठी. हायस्कुलाचे शिक्षक एका गल्लीत आणि प्राथमिकचे गुरुजी दुसऱ्या गल्लीत, दोघेही घामाघूम, आणि दोघेही आपापली नोकरी वाचवीत असतात. मी दोघांनाही चहाला बोलावले आहे. ते एकमेकांशी बोलले नाहीत, पण चहा प्याले.

इतके सांगून मी या कल्पनेच्या विरुद्ध आहे असे समजू नका. मी तिच्या बाजूचा आहे. पाचवीत आत आलेले पोर दहावीपर्यंत त्याच दारातून जाते, मधे दाखला नाही, कारकून नाही, 'परवा या' नाही, ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे. कायद्याने आता दाखला ताबडतोब दिलाच पाहिजे आणि दाखल्याच्या उशिरामुळे प्रवेश नाकारता येत नाही, हे खरे. परंतु कायदा माहीत असणाऱ्याला तो उपयोगी पडतो. शिवाय हायस्कुलात प्रयोगशाळा असते, ग्रंथालय असते. सहावीच्या मुलाने परीक्षानळी हातात धरली तर विज्ञान हा पाठ करण्याचा विषय नव्हे हे त्याला वेळेवर कळते. मला ते सत्ताविसाव्या वर्षी कळले.

फक्त माझे म्हणणे एवढेच की हे वर्ग अनुदानावर मिळावेत, किंवा तोवर संस्थेने फी न घेता चालवावेत. ते जमत नसेल तर हायस्कुलाने शेजारच्या प्राथमिक शाळेशी करार करावा. पाचवी ते सातवी तेथेच राहू द्यावी, आठवड्यातून दोन दिवस मुलांनी प्रयोगशाळेत यावे, आणि सातवीच्या निकालाच्या दिवशी हायस्कुलाच्या कारकुनानेच टेबल घेऊन प्राथमिक शाळेच्या ओट्यावर बसावे व तेथल्या तेथे आठवीचे प्रवेश करून टाकावे. याला नवी खोली लागत नाही, परवानगी लागत नाही, कोणी अतिरिक्त होत नाही. कारकुनाला एक दिवस उन्हात बसावे लागते.

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका संस्थेने वर्ग वाढवण्यासाठी पालकांची सभा घेतली, तेव्हा मी मागे बसलो होतो. चालकांनी इमारतीचा नकाशा दाखवला, संगणक दाखवले. शाळा सकाळी सात ते बारा भरेल असे सांगितले. काही शंका असल्यास विचारा म्हणाले. पुढची मंडळी इंग्रजीविषयी विचारीत होती. मग कांड्या भरणारी एक बाई भिंतीला टेकून उभी होती, तिने विचारले, "साहेब, माझी पाळी तीनला सुटते. बारा ते तीन पोरगी कुठं बसंल?" व्यासपीठावरील लोकांनी एकमेकांकडे पाहिले. अध्यक्ष म्हणाले, चांगला प्रश्न आहे, टिपून घ्या. कारकुनाने टिपून घेतला. ग्रंथालयाची खोली तीनपर्यंत उघडी ठेवता येईल का, असे मी सभेनंतर त्यांना विचारले. किल्ली शिपायाकडे असते आणि शिपायाची सुट्टी साडेबाराला होते, असे त्यांनी मला सांगितले. शिपाई आमच्याच गल्लीतला आहे. त्याला अडीच तासांचे जादा काम आणि त्याचे पैसे मिळतील का, याविषयी सध्या पत्रव्यवहार चालू आहे.